समोरासमोरचे बाक

माणसं एकमेकांशी बोलत न्हाईत म्हणता ना, मग आमच्या लातूरच्या कॉलनीतलं ऐका. बिराजदार सर अध्यक्ष झाले अन् त्यांनी बागेतले बाक उचलून समोरासमोर बसवले. म्हणले, "एका रांगेत माणसं रस्त्याकडं बघत बसतात. समोरासमोर बसली की आपोआप बोलतील."

आता सरांचे सख्खे धाकटे भाऊ, मल्लूअण्णा, शेजारच्याच घरात राहतात. कंपाउंडच्या भिंतीच्या भांडणापायी दोघांचं बोलणं कधीचंच बंद हाय.

उद्घाटनाला सरांनी संवादावर लांबलचक भाषण केलं अन् माझ्या शेजारी येऊन बसले. अण्णा उशिरा आले. जागा एकच उरली होती, सरांच्या बरोबर समोर. गुडघ्याला गुडघे लागले. मला वाटलं, आता मिटलं ह्यांचं.

सर माझ्याकडं वळले. "त्याला म्हणावं, पाय मागं घे."

अण्णाही माझ्याकडंच बघून म्हणले, "त्यांना सांगा, बाक त्यांनीच इतके जवळ लावलेत."

"त्याला सांग, मला शिकवू नको म्हणावं."

चहा येईपर्यंत मी निरोप पोचवत राहिलो.

पुढच्या मीटिंगमध्ये सर म्हणले, "योजना यशस्वी झाली. फक्त दोन बाकांच्या मधी निरोप सांगणाऱ्यासाठी एक स्टूल टाकावं लागतंय."