गिरणीचं तोंड दक्षिणेला

सौर पाट्या मी पूर्वेला तोंड करून बसवल्या, आन् तेबी शिकून आलेलो असून.

मूळ सांगायचं तर मी हदगावचा. बाप बैलगाड्या दुरुस्त करायचा, मी विहिरीवरच्या जळालेल्या मोटारींत नवी तार भरून द्यायचो. मग विष्णुपुरीला पाट्यांचं काम शिकायला गेलो. तिथं सरांनी बजावलं की पाट्यांचं तोंड दक्षिणेला, मी हाव म्हणलो आन् मनात म्हणलो, सर शहरातले, ह्यांना काय ठावं, दक्षिण म्हणजे यमाची दिशा, आमच्याकडं घराचं दार तिकडं कुणी काढत न्हाई, आन् मी लोकांची यंत्रं यमाच्या तोंडी देऊ का?

पहिलंच काम मिळालं ते डोंगरातल्या एका वाडीत. विजेचे खांब आले, तारा काई आल्या न्हाईत. बाया जवारीचं गठुडं डोक्यावर घेऊन खालच्या गावाला उतरायच्या, दळून पुन्हा चढायच्या, अर्धा दिवस त्यातच. एका संस्थेनं उन्हावर चालणारी गिरणी दिली, ती चालवायला सरूबाई उभी राहिली. नवरा वारलेली बाई, शेळ्या लिंबाखाली बांधून तिनं गोठा गिरणीला दिला. बैठकीत गडी म्हणले, यंत्र बाईच्या हातात टिकत न्हाई. ती म्हणली, महिनाभर चालवून दाखवते, न्हाई चालली तर द्या दुसऱ्या कुणाला.

आन् गिरणी, काय सांगू तुम्हाला, सकाळी झकास चालायची, दुपार कलली की बसायची. बाया शेतातून येतात तेव्हाच नेमकी बंद, जवारी अर्धी वर, अर्धी खाली. मी रोज जायचो, पट्टा बदल, वायर बदल, पाट्या पूस, तोंड तेवढं फिरवत न्हवतो. गडी पारावर बसून म्हणून राहिले, आम्ही म्हणलोच होतो. आन् मी, खोटं कशाला बोलू, त्यांच्यासमोर सरूबाईला म्हणलो, जरा हात बसवा यंत्रावर.

महिन्याचे चार दिवस उरले होते. सरूबाई मला घरामागं घेऊन गेली आन् मिरच्या वाळत घातलेली बाज दाखवली.

मिस्त्री, पौषात ही बाज मी दक्षिणेच्या अंगालाच टाकते, दिवसभर ऊन तिकडूनच फिरतं. तुमच्या पाट्या उगवता सूर्य बघतात आन् मग पाठ करून बसतात.

मी तिथंच यमाचं सगळं सांगून टाकलं. ती म्हणली, येऊ द्या यमाला, त्याचंबी दळण घेते. आधी पारावर चला आन् चूक कुणाची ते सांगा.

सांगितली. मग त्याच गड्यांनी पाट्यांची चौकट दक्षिणेला फिरवायला हात लावला.

त्या दिवशी दुपार कलली, बाया आल्या, आन् गिरणी चालूच. धूर न्हाई, डिझेलचा वास न्हाई, वर नुसतं ऊन आन् खाली पांढरं पीठ पडून राहिलं. मी मूठभर हातावर घेतलं. दळलेलं पीठ गरमच असतं, मला ठावं हाय, पण मला ते उन्हानंच गरम वाटलं बघा. जल्मभर तारा जोडल्या, वीज अशी कधी हातावर आली न्हवती. एका म्हातारीनं पाट्यांना हात जोडले, मीबी टोपी काढली.

आता त्या डोंगरातल्या कैक वाड्यांत मीच पाट्या बसवतो, देव सरूबाईला औक्ष देवो. परवा पलीकडच्या वाडीची माणसं तिची गिरणी बघायला आली, मी पुढं होऊन म्हणलो, ही मीच बसवली. सरूबाई पीठ झाडत म्हणली, हाव, ह्यांनीच बसवली होती, म्हणून तर चालत न्हवती.