फोंडा घाटात बाबांची शिकवणी

घाट चढताना दम लागतो ते सोडा, शेजारनं बाप बोलत असला की काय होतं ते सांगतो.

इंजिनिअरिंग सोडून महिना झाला होता. फोंडा घाट सायकलवर पाय न टेकता चढायचा, एवढंच डोक्यात होतं. आधी दोनदा पाय टेकला होता. तिसऱ्या वेळी बाबा मला समजवायला गाडी घेऊन सोबत आले. बाबा हेडमास्तर. माझ्या वेगानं गाडी रांगवत, काच खाली करून त्यांचं चालूच.

"पुढं काय, पंक्चर काढणार हाईस?"

मला दम लागलेला, उत्तर देता येईना. त्यांना वाटलं पटतंय. वर्गातही त्यांना असंच वाटतं.

शेवटच्या चढाला जळका वास आला. क्लच गेला, गाडी बंद.

"थांब की रं!"

"थांबलो तर पाय टेकंल! वरनं मेकॅनिक धाडतो!"

मागं बाबांनी गाडीचं दार आपटलं. मग एकदम ओरडले, "वळण आतनं घेऊ नको, लय चढ हाय! बाहेरनं घे!"

बाहेरनं घेतलं आणि पाय न टेकता वर पोचलो. बावीस वर्षांत बाबांनी पहिल्यांदाच कामाचं काहीतरी शिकवलं.