आधी थंड, मग मोकळं

...आणि वर आमचे गाइड सर मलाच विचारतात, "दाणा का बिघडला?" आता तुम्हाला सांगतो, दाणा बिघडला नव्हता, दाणा सुधारून पुन्हा बिघडला होता, आणि या दोन विधानांत माझ्या पीएचडीएवढं अंतर आहे! दाणा म्हणजे टायटॅनियमचं ऑक्साइड हो, भिंतीच्या पांढऱ्या रंगात असतं तेच. ते खोलीएवढ्या प्रेसमध्ये चहूबाजूंनी दाबायचं, दाबलेलं असतानाच लालबुंद तापवायचं, की ग्रुप फोटोत "अजून जवळ या, अजून जवळ" म्हटल्यावर माणसं चिकटतात ना, तसे आतले अणू चिकटतात. नवी, दाट रचना! ती बाहेर टिकवायची तर नियम एकच... आधी थंड, मग मोकळं. गरम असतानाच दाब सोडलात की मंडळी आपापल्या जुन्या जागी. निदान या दाण्यात तरी. इतरांबद्दल मी ठामपणे बोलणार नाही.

तर बाहेरचे परीक्षक आले. म्हणाले, नवी रचना प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय पदवीवर सही नाही. दाणा प्रेसमध्ये, भट्टी धगधगती, आणि यांना घाई! बशीत ओतलेल्या चहावर फुंकर घालत बसले होते हो... चहा निवेपर्यंत थांबतील, दाणा निवेपर्यंत नाही! आणि आमचे सर? एरवी ज्यांच्या खोकल्याने मजला चिडीचूप होतो, ते परीक्षकांपुढे नुसते "हो हो, हो हो."

मला म्हणाले, उघड की आता. मी नम्रपणे म्हटलं, सर, आधी थंड, मग मोकळं.

"हा नियम तुला शिकवला कुणी?"

"तुम्ही, सर."

"मग मला काय शिकवतोस?" म्हणाले, आणि स्वतःच्या हाताने दाब सोडायचा व्हॉल्व्ह फिरवला. संपलं! एक्स-रेच्या पडद्यावर पाहतो तर जुनीच रचना, जशीच्या तशी. तेव्हाच सरांनी मला विचारलं, दाणा का बिघडला! परीक्षक मात्र चष्मा पुसून पुन्हा पाहतात, आणि म्हणतात, "वा! मूळ रूपात परतला! हे तर फारच रोचक. सही करतो, प्रबंधाचं शीर्षक तेवढं बदला." त्यावर सर काय म्हणाले असतील? "मी याला केव्हापासून तेच सांगतोय."

घरी येऊन आईला म्हटलं, झाली पीएचडी. ती म्हणाली, छान, पण शोध कसला लागला? मी म्हटलं, आई, भिंतीचा रंग घ्यायचा, पृथ्वीच्या पोटात असतो तसा दाब द्यायचा, लालबुंद तापवायचा... की भिंतीचा रंग मिळतो.

आई जरा विचार करून म्हणाली, "हॉलला पुरेल का रे?"

मी म्हटलं, "मोहरीएवढा आहे गं. नाही पुरणार."