माळेले गळा पाहिजे

—नाही नाही, चिमटीत नका धरू, पुष्पाबाई, माळ तळहातावर घ्या. हं. पाहा कशी थंडी लागते! खरा मोती थंडाच राहते. घर पाहाले आल्या तं हेही पाहून घ्या—तुमच्या पोरीचंच होणार हाय सारं. आमचे हे, केशवराव, तांदळाचा धंदा होता न त्याईचा, माल घेऊन हैदराबादले जाये अन येतानी एक माळ आणे. दुसऱ्या बायाईले लुगडं, मले माळ! ही मोत्याची, ही पोवळ्याची, ही दोन्ही मिसळून ओवलेली—ही घालून मी अड्याळच्या बाजारात निंघाली का बाया भाजी घ्याची सोडून माह्या गळ्याकडं पाहत. चहा घ्या न वो, थंडा होऊन राहिला.

आता मी काहून नाही घालत? हे काय विचारणं झालं बाप्पा! चौऱ्याहत्तर साली हे गेले. पांढऱ्या कपाळाच्या बाईनं मोती-पोवळं घातलं तं लोक तोंडात शेण घालतीन. अन पेटीत ठेवलं तं मोती मरते. खरंच मरते! त्याले अंगाची ऊब लागते, घाम लागते, नाही तं पाणीच उतरते त्याचं, चुन्याच्या खड्यावाणी होते. म्हणून तं सून आणली, चंद्रकला—म्हणजे, माह्या भोजराजचं वय झालतं लग्नाचं, ते तं होतंच.

पोट्टी गोड होती, खोटं कायले बोलू? सोमवारी मोती, मंगळवारी पोवळं, झोपतानीही गळ्यात, असं मी ठरवून देल्लं होतं. काय उजळल्या माळा! मंग भोजराजले जवाहरनगरले फॅक्टरीचा क्वार्टर भेटला, म्हणे, आई, हिले घेऊन जातो. मी नाही म्हटलं. परक्या जागी माळा कशा पाठवू? अन माळा इथं, ती तिथं, तं फायदा काय? राहिली मंग इथंच.

आजार? नाही वो, मोठा काही नव्हता. बारीक ताप. सांजेले चढे, सकाळी उतरे. तोंडावरून तं समजेही ना. मले पोवळ्यावरून समजलं—बाईच्या अंगात काही बिघडलं का पोवळं फिकं पडते न! लालभडक होतं, गुलाबी झालं, मंग फटफटीत. मी रोज खिडकीपाशी नेऊन पाहो. काय केलं म्हणजे? काढून घेतली माळ! खराब होऊन राहिली होती. मोती तेवढे राहू देल्ले. डॉक्टर… भंडाऱ्याले नेऊ नेऊ म्हणता राहून गेलं. भोजराजले कळवाचं होतं, पण तो आला असता तं घेऊनच गेला असता तिले.

असं काहून पाहून राहिल्या? मी मारलं का तिले? शेवटपर्यंत उशापाशी होती मी. श्वास लागला तिले. मेलेल्या गळ्यातला मोती पुन्हा उजळत नाही, आमच्याकडं असंच मानते, म्हणून अगोदरच काढाले गेली—तं पोट्टीनं माळ मुठीत धरली. सोडेच ना! "आई, राहू द्या, थंड वाटते," म्हणे. तापानं फणफणलेली, अन जोर पाहा! बोटं सोडवता सोडवता दोरा तुटला, मणी खाटेखाली पसरले. मी वाकून गोळा केले—उठून पाहते तं संपली होती. एकटी नाही मेली ती. मी होती न.

उठल्या काहून? बसा न! तुमची गाडी सांजेची हाय. हे पाहा, तुमच्या पोरीले मी धानाच्या बांधीत, चिखलात पाय टाकू देणार नाही. नुसती घरात बसन, माळा घालून. भोजराज? तेव्हापासून उंबरठा नाही चढला, बोलतही नाही माह्याशी—पण लग्नाले येईन, आणीन मी त्याले. अन नाहीच आला, तरी पोरगी राहीन माह्यापाशी. मले तेवढीच पाहिजे.

बरं, जा मंग. बळजबरी थोडीच हाय. तुमच्या बपेऱ्यात पोट्ट्याईची कमी नाही, तुमची नाही तं दुसरी. ती माळ तेवढी द्या इकडं… हात घामेजला का वो तुमचा? ओला झाला सारा. राहू द्या, राहू द्या, नका ठेवू लगेच. बरं असते त्याले. धरा अजून जरासं, पुष्पाबाई—

ठेवलीच?

जा.