अकरा नंबरची बाटली

"हॅलो?… हॅलो?… अगं मोठ्यानं बोल की, वर पंखा घरघरतोय… हां, आता येतंय… न्हाई गं अने, अजून न्हाई लागला निकाल."

नंदाबाईनं फोन डाव्या कानाला लावला. उजवा कान तिनं काचेच्या दारासाठी मोकळा ठेवला होता.

"व्हय, दहावा दिवस आजच… मोजल्या ना बाटल्या सकाळी मॅडमनी. समद्या एकेक करून उजेडाला धरल्या… वीस. परीक्षेला वीसच असत्यात… अगं ऐक ना, सांगते तर खरं… अठरा चांगल्या. काचेवानी सोच्छ… व्हय, अठरा!… आन दोन…"

'दोन' म्हटल्याबरोबर पलीकडून जे काही आलं, ते ऐकून नंदाबाईनं फोन कानापासून वीतभर लांब धरला. धाकटी अनिता वलवणला एका हॉटेलात पोळ्या करायची. शेगडीच्या भरभरीवरून बोलायची सवय लागलेली, त्यामुळं तिच्या कुजबुजीलाही धार होती.

"झालं का ओरडून?… मंग आता ऐक. एक माफ असती… व्हय, विसात एक खराब झाली तर चालती. दोन न्हाई चालत… दोन झाल्या तर काय, परत धुवायच्या खोलीत. वरीसभर परीक्षा न्हाई."

वडगावच्या पुढं डोंगराच्या अंगाला ही लॅब. जरबेरा या फुलझाडाचे कोवळे कोंब इथं काचेच्या बाटल्यांत वाढवतात. आत गार हवेच्या खोलीत, टोपी-मास्क लावून, चिमट्यानं आणि पातीनं कोंब कापून नव्या बाटलीत लावणाऱ्या मुली बसतात. आणि मागच्या खोलीत बाटल्या धुतल्या जातात. नंदाबाई सहा वर्षं त्या मागच्या खोलीत होती. तिनं हिशेब घातला होता, दिवसाला पाचशे धरल्या तरी नऊ लाख बाटल्या झाल्या. एवढ्या बाटल्यांच्या तळाशी तिनं डोकावून पाहिलं होतं, पण एकीतही काही लावलं नव्हतं. म्हणून यंदा तिनं कोंब लावणाऱ्यांच्या परीक्षेला नाव दिलं: वीस बाटल्यांत कोंब लावायचे आणि दहा दिवसांत किती नासतात ते पाहायचं. पुढं बसणाऱ्या मुलींना ते आवडलं. मागच्या बायकांना फारसं नाही.

"पहिली गेली ती गेलीच, तिचं नको आता… तुला म्हाईत हाय ती कशानं गेली… न्हाई, तुला बोल न्हाई लावत… लावते! बरं? लावते! कुणी दिली व्हती ती पुडी?"

पुडी अनितानं दिली होती. वलवणच्या देवीचा अंगारा, वहीच्या कागदात बांधून. परीक्षेच्या दिवशी नंदाबाईनं हात कोपरापर्यंत धुतले, स्पिरिटनं पुसले, टोपी चढवली, आणि नवं काम सुरू करताना आपल्याकडं जे करतात ते केलं. चिमूटभर अंगारा पहिल्या बाटलीच्या तोंडाला, आतल्या अंगानं.

"अगं ट्रॅक्टरला लावत्यात ते बोनेटला लावत्यात. इंजिनात न्हाई टाकत कुणी!… मला तवा सुचलं न्हाई, सुचलं असतं तर लावला असता का?… काय? अंगाऱ्यामुळंच अठरा राहिल्या? व्हय का? अने, अंगारा लावला एकीला, आन गेली ती तीच. आता ह्याचं गणित तूच सोडव… देवीचा दोष न्हाई, मी कुटं म्हणते देवीचा दोष? देवी काय म्हणली न्हाई मला, झाकण उघड म्हणून."

पलीकडं लाटणं थांबलं. अनिता गप्प बसते तेव्हा ती पुढचा प्रश्न भाजत असते, हे नंदाबाईला ठाऊक होतं.

"सांगितलं ना मॅडमना… तिसऱ्या दिवशी. काळी बुरशी आली, तवा मीच गेले आन सांगितलं… गप कशी बसू? आता बाटल्या धुतात त्या बयाबाई. मी गप बसले असते तर समद्यांनी म्हणलं असतं, बयाबाईनं नीट धुतली न्हाई. सहा वर्सं मी ते ऐकलंय. बाटली नासली की धुणारीचं नाव… राजेश्वरी मॅडम काय म्हणणार? आधी माझ्याकडं बघितलं, मंग पुडीकडं बघितलं. म्हणल्या, पुडी कुलपात ठेवा, बाटली माफ झाली… व्हय, हसल्या थोड्या. मास्क व्हता, पण डोळ्यावरनं कळतं."

मग मूळ गोष्ट आली. अकरा नंबरची बाटली.

"अगं, अकरा नंबर. आज सकाळी उजेडाला धरली आन मॅडम थांबल्या. कोंबाच्या बुडाला पांढरा ठिपका. मोहरीएवढा… न्हाई, त्या बाटलीला न्हाई लावला अंगारा, शप्पत… तेच तर कळंना. बुरशी असंल तर संपलंच. पण मॅडम म्हणल्या, कधीकधी रोप स्वताच फुगतं तिथं. नव्या पेशी येत्यात, त्यांचा गोळा व्हतो. नुस्त्या डोळ्याला दोनी सारखंच दिसतं… म्हणून तर थांबलेय. कोंब लावणारी चैताली आत गेलीय, त्यातला कणभर काढून काचेवर घिऊन येणार. मंग ऑफिसातल्या मशिनीखाली बघायचं… आता कितीक येळ झाला, पाच मिंटं… आत फोन चालत न्हाई, मी भाईरच्या ऑफिसात हाय, बाकड्यावर… न्हाई, बोल तू. बोलत ऱ्हा. न्हाईतर माझं चित्त थाऱ्यावर ऱ्हायचं न्हाई."

अनितानं बोलत राहण्यासाठी विचारलं, की पेशी म्हणजे नेमकं काय. नंदाबाई बाकड्यावर जरा सरळ बसली.

"आता कसं सांगू तुला… तू दिवसाला पोतंभर कांदा चिरतीस ना? कधी बघितलंस का त्याच्या आत?… कांदाच दिसणार, मला म्हाईत हाय. गेल्या आठवड्यात तोंडी परीक्षा झाली ना, तवा मॅडमनी कांद्याचा पापुद्रा काढून मशिनीखाली धरला. मी डोळा लावला… अने, भिताडं! विटेला वीट लावून चिणलेलं भिताड. आन हरेक विटंत एक ठिपका… त्या एकेका विटंला पेशी म्हणायचं. झाड म्हंजी त्याच. आपुन बी त्याच, पण आपल्या पेशीला बाहेरनं भिताड न्हाई, झाडाला असतं. म्हणून झाड उभं ऱ्हातं आन आपली कंबर धरती…"

"मंग त्या भिताडाच्या आत पातळ पडदा असतो. त्याचं काम दारात उभं ऱ्हायचं. पाण्याला या म्हणायचं, साखरेला मागनं घ्यायचं, बाकीच्यांना भाईरच्या भाईर… व्हय, तूच! मॅडमना मी तुझंच नाव सांगितलं! पायलच्या बारशाला तू दारात उभी व्हतीस. कुणाला चुलीपतुर नेलंस आन कुणाला वसरीवरनंच चहा पाजून घालवलंस, मला अजून याद हाय… नावं घिऊ का?… मंग!"

पायल म्हणजे नंदाबाईची मुलगी. आता ती बारावीला शास्त्र शिकत होती, आणि महिनाभर भाकरी थापणाऱ्या आईसमोर पुस्तक धरून तिनंच हे शब्द पाठ करून घेतले होते. शब्द अवघड होते. माणसं ओळखीची निघाली, म्हणून लक्षात राहिले.

"मंग रिक्तिका… रिक्-ति-का. मधोमध पाण्याची भली मोठी पिशवी. समदी जागा तिनंच अडवलेली. बाकीचे बिचारे भिताडाला चेंगरून बसलेले. काम म्हणशील तर दिसत न्हाई काय… तुझे दाजी! बराबर वळखलंस!… हसू नको, मी बी हसले व्हते. पण मॅडम काय म्हणल्या म्हाईत हाय? म्हणल्या, त्या पिशवीतलं पाणी कमी झालं की झाड मान टाकतं. तीच आतनं रेटून धरती म्हणून पान ताठ… तवापासनं मी ह्यांना सोफ्यावरनं उठा म्हणलं न्हाई. आज आठवा दिवस… त्यांना कळंना, हिला झालंय काय. काल स्वताहून उठून दळण घिऊन आले."

दोन्हीकडं हसू झालं. नंदाबाईनं हसता हसता काचेच्या दाराकडं पाहिलं. दार बंदच होतं.

"आन बारीक बारीक कण असत्यात, लय. साखर जाळायची आन ताकद काढायची, रातंदिस तेच… ते कोण काय इचारतीस? आपुन दोघी!… ठिपका? ठिपका ऱ्हायलाच की. त्याला केंद्रक म्हणत्यात. त्याच्यात कागद असतो… म्हंजी कागदावानी. झाड कसं करायचं ते समदं लिवलेलं. आन गंमत ऐक. हरेक पेशीकडं आख्ख्या झाडाचा कागद असतो. पानातल्या पेशीकडं बी मुळाचा, फुलाचा, समद्याचा. पण ती पानापुरतं वाचती आन बाकीचं मिटून ठेवती. जलमभर… हितं काय करत्यात, तिला कापून बाटलीत ठिवत्यात. खाली साखरंचा घट्ट रस, त्यात थोडं औषीद. आन मंग ती पेशी हाय ते काम इसरती. मिटलेली पानं उघडती. पयल्यापासनं झाड कराय घेती…"

हे शेवटचं नंदाबाईनं हळू सांगितलं. तोंडी परीक्षेत मॅडमनी हाच प्रश्न विचारला होता आणि उत्तर देताना तिचा आवाज असाच खाली गेला होता.

"…काय?… एकावन्न. मला म्हाईत हाय माझं वय, तू नको मोजू… न्हाई गं, रडत न्हाई. पंख्याची हवा लागती डोळ्याला… अगं थांब. थांब थांब. आली. चैताली आली. काच हाय हातात… ठेवू नको तू. ठेवू नको म्हणते ना! खिशात टाकते, ऐक तितनंच."

फोन एप्रनच्या खिशात गेला. वलवणच्या त्या स्वयंपाकघरात अनितानं बहुतेक गॅस बारीक केला असावा, कारण खिशातून येणारी भरभर थांबली.

"व्हय मॅडम… मी?… आधी मीच बघू?… तुमी बघा की आधी, तुमाला कळंल… बरं. बघते."

मॅडम बाजूला झाल्या होत्या. निकाल सांगायच्या आधी त्या परीक्षा घेत होत्या, हे नंदाबाईच्या जरा उशिरा ध्यानात आलं. तिनं पदर आत खोचला आणि डोळा लावला.

"काय दिसंना… धूर दिसतोय… हां, फिरवते. अजून?… दिसलं… सांगते, मॅडम. बुरशी असती तर सूत दिसलं असतं. जाळ्यावानी, केसावानी. त्या पयल्या बाटलीत दाखवलं व्हतं तुमी… हितं सूत न्हाई. एक बी न्हाई… गोल गोल हाय. साबुदाणा भिजवून फुगल्यावानी. एकाला एक चिकटलेलं… व्हय, भिताड हाय, पण लय पातळ. नवं दिसतंय… ठिपका हाय. ह्याच्यात हाय, ह्याच्यात बी हाय… मॅडम!"

नंदाबाईनं काचेवरचा हात काढून मागं घेतला, डोळा मात्र तिथंच ठेवला.

"मॅडम, आत फिरतंय कायतरी. बारीक दाणं. भिताडाच्या कडंकडंनं चाललेत, रांगेनं… थांबंना झालेत… न्हाई, मी न्हाई हलवली काच, हात काढलाय बघा… जित्त्या हायेत ह्या. बुरशी न्हाई, मॅडम. पेशी हायेत. आपल्याच जरबेराच्या… व्हय, लिवून घ्या. मी सांगते म्हणून लिवा."

यानंतर मॅडमनी स्वतः डोळा लावला. चैतालीनं लावला. दारातून डोकावणाऱ्या बयाबाईलाही बोलावलं गेलं, आणि बयाबाईनं पाहून 'अगं बया' एवढंच म्हटलं. एवढ्या साक्षी झाल्यावर नंदाबाईचा हात खिशाकडं गेला.

"हॅलो?… अने?… हाईस का?… ऐकलंस समदं?… पास! पास, पास… एकोणीस धरल्या. अकरा नंबर बी धरली, चैतालीनं आतल्या आतच कण काढला, बाटली सोच्छ हाय… अगं तू का रडतीस? तुझी पोळी बघ आधी… सोमवारपासनं म्हणले व्हते, पण एक खुर्ची आजच मोकळी हाय म्हणत्यात. आजपासनंच… ह्यांना तू सांग फोन करून. मी सांगितलं तर त्यांना खरं वाटायचं न्हाई, तुझ्यावर भरोसा हाय त्यांचा…"

"थांब गं जरा… काय, मॅडम?… व्हय व्हय, देते… अने, मॅडम पेन देतायत. चिठ्ठ्या चिकटवायच्यात बाटल्यांना… जी कापती तिचं नाव घालत्यात, म्हंजी रोप कुणाच्या हातचं ते कळतं शेवटपतुर… एकोणीस. एकोणीस येळा… 'नं' लिवून टिंब द्यायचं म्हणतीय चैताली, समद्या तसंच करत्यात… न्हाई, मी न्हाई तसं करणार. आख्खं लिवणार. नंदाबाई… चिठ्ठी बोटभर हाय तर हाय. बारीक अक्षरात लिवीन… अगं ठेव आता. एका हातात बाटली, एका हातात पेन. तुला कुटं धरू?… ठेवते."