मेंढीचोराची पणती

बाबांच्या कबरीसाठी दगड सांगायला मी होबार्टच्या पाथरवटाकडे गेले. एकेकाळी कैद्यांना काळ्या पाण्यावर धाडायचे ते हे बेट; आता इथे कैद्याचा वंशज असणं मानाचं. माझ्यापुढे एक म्हातारे बहीणभाऊ बसले होते. बहीण म्हणत होती,

"क्लॅरी, आईच्या दगडावर 'मेंढीचोर एनॉसची पणती' कोरायचं नाही."

"का गं ताई? जाताना तिनं तेवढंच तर मागितलं."

"एनॉस कैदी नव्हताच. काल दफ्तरखान्यात कळलं. न्यायाधीशानं विचारलं, काळं पाणी की पलटण? यानं पलटण घेतली. या बेटावर आला तो कैद्यांवर पहारा करायला."

"म्हणजे चाबूकवाल्यांतला?"

"हो."

"अरे देवा! शेजारच्या हेझलला कळलं तर? तिच्याकडे आईकडूनही कैदी, बापाकडूनही कैदी."

"हसतोस काय? आपण कैद्याचे वंशज म्हणून आई जन्मभर मिरवली रे."

"पण मेंढी चोरली होती ना त्यानं?"

"चोरली होती. उगाच का कोर्टात उभा केला?"

"मग कोरू दे की. त्यात खोटं काय आहे?"

"आणि पलटण?"

"पलटणीचं आईनं कुठे काय मागितलंय?"

बहीण पर्स उघडून पैसे मोजू लागली.

"अक्षरं जरा मोठी काढायला सांग."