मुठीवरची चिंधी

माळी: तूच ओढून बघ. मी काल संध्याकाळपासून ओढतोय, खांदा निखळायचा तेवढा राहिलाय. दोरी जागची हलत नाही.

मुलगी: ओढू नका आता, काका. आधी टेबलावर घेऊ या. धरा तिकडून. सावकाश, पात्याला हात लागेल.

माळी: परवा तुमच्याच दुकानातून सर्व्हिसिंग करून नेलं. परवा! शाळेच्या मैदानावर तीन फेऱ्या नाही मारल्या, तोवर आतून खरखर, मग धूर, मग खाडकन बंद. निम्म्या मैदानाचं गवत कापलंय, निम्मं तसंच. अर्धी हजामत करून न्हावी पळाल्यासारखं दिसतंय. शनिवारी मुलांच्या शर्यती आहेत.

मुलगी: चालू करण्याआधी तेलाची काडी बाहेर काढून बघितली होती?

माळी: मिस्त्रींच्या हातून आलेल्या मशीनचं तेल बघायचं? इतक्या वर्षांत कधी बघितलं नाही. दोरीच्या मुठीला चिंधी नव्हती, म्हणजे आत तेल आहे. नियम तुमचाच ना? तेल काढलं की लाल चिंधी बांधायची, भरलं की सोडायची. चिंधी असेपर्यंत कोणी दोरी ओढायची नाही.

मुलगी: हो. नियम तोच.

माळी: मग? आणि ही बघ, मुठीला अडकवलेली चिठ्ठी. काय काय केलं ते लिहिलंय. चष्मा घरी राहिलाय माझा, वाच जरा.

मुलगी: द्या इकडे.

माळी: वाच की.

मुलगी: नेहमीचंच आहे. प्लग साफ केला, पातं धारेला लावलं, तेल बदललं.

माळी: आणि खिशात काय घालतेस? माझी चिठ्ठी आहे ती.

मुलगी: राहू द्या माझ्याकडे. पुन्हा काम करताना लागेल.

मिस्त्री: कोण एवढं ओरडतंय? मैदानवाले आलेत होय! अगं, चहा सांगितलास का यांना?

मुलगी: घेतला त्यांनी, बाबा. तुम्ही पात्याला धार लावत होता ना? संपली का?

मिस्त्री: धार कुठे पळून जातेय. हे काय, परत आलं हे? सरका. तेलाची काडी काढ गं.

मुलगी: मी बघते, बाबा. तुम्ही नका हात घाण करू.

मिस्त्री: माझे हात घाण होणार? पन्नास वर्षं काय मी पोळ्या लाटतोय? काढ. हं. बघा माळीबुवा, बोट लावा. कोरडी ठणठणीत. एक थेंब नाही.

माळी: असं कसं होईल?

मिस्त्री: गळतंय का ते बघू. खालचा बोल्ट घट्ट आहे. कडेला ओल नाही. म्हणजे गळालं नाही, तेल घातलंच नव्हतं. वास घ्या. जळकट येतो ना? तेलाशिवाय पळवलंय याला. पिस्टन आत घट्ट धरून बसलंय, आता दहा माणसं लावली तरी दोरी हलायची नाही.

माळी: दुरुस्त होईल ना?

मिस्त्री: आतलं सगळं बदलावं लागेल. चांगलं इंजिन होतं हो. माझ्या हातातून दर पावसाळ्याआधी जायचं. माणसाचं पाणी काढून घ्यावं आणि वर त्याला पळायला लावावं, तसं झालं. कोणी केलं हे?

माळी: तेच तर विचारतोय मी.

मिस्त्री: तुला विचारतोय, वायसर. दुकानातून हे कोणी बाहेर काढलं?

मुलगी: मी. माझी चूक झाली.

मिस्त्री: तू?

मुलगी: तेल काढलं, आणि भरायचं राहिलं.

मिस्त्री: आणि चिंधी?

मुलगी: सोडली. तेल भरलंय असं वाटलं मला.

माळी: वाटलं म्हणजे? वाटण्यावर चालतं का हे काम, पोरी? रागावू नकोस, पण मी न्यायला आलो तेव्हा तू नव्हतीसच. मिस्त्रींनीच मूठ पुसून, हसत हसत मशीन हातात दिलं. मला काय माहीत, आतलं काम तू करून गेलीस! माहीत असतं तर काडी बघूनच नेलं असतं.

मुलगी: खरं आहे तुमचं.

मिस्त्री: लाज आणलीस. लहानपणी ही वायसर गिळून बसली होती, माळीबुवा, म्हणून नाव पडलं. दोन दिवस दुकान बंद ठेवून मी हिच्यामागे फिरत होतो. तेव्हाही असंच, तोंडात काय घातलंय याचं भान नाही.

माळी: आता मी मुख्याध्यापकांना काय सांगू? ते आधीच म्हणतात, मोठं मशीन असलेला माणूस बोलावू, तासाभरात होतं. एवढं एकच मैदान उरलंय माझ्याकडे.

मुलगी: आमचं मशीन घेऊन जा, काका. दुकानातलं, ते कोपऱ्यातलं हिरवं. तुमचं होईपर्यंत वापरा. दुरुस्तीचं मी बघते, तुम्ही काळजी करू नका.

माळी: आता तुझ्या "मी बघते"चीच भीती वाटते गं. मिस्त्री, एक विनंती आहे. वाईट वाटून घेऊ नका. यापुढे माझं मशीन तुम्ही स्वतः बघा. हिच्या हातात देऊ नका.

मिस्त्री: बरोबर बोललात.

मुलगी: काका, असं नका म्हणू. बाबांना आता जास्त त्रास...

माळी: त्रास कसला? मिस्त्रींचे हात अजून सोन्यासारखे आहेत. तू शिक, शिकायला कोण नाही म्हणतंय? पण दुसऱ्या कोणाच्या मशीनवर शिक.

मिस्त्री: शब्द देतो. तुमचं मशीन माझ्याशिवाय कोणी उघडणार नाही. आण गं ते हिरवं. तेल मीच बघून देतो.

मुलगी: आहे त्यात तेल. सकाळीच बघितलंय मी.

मिस्त्री: तू बघितलंस म्हणूनच बघतो. ही काडी. पुसली. घातली. काढली. कुठवर आलंय, माळीबुवा?

माळी: वरच्या रेघेपर्यंत.

मिस्त्री: असं बघायचं, वायसर. तू काढायची काडी, आणि गिऱ्हाइकाच्या डोळ्यांनी बघायची.

माळी: याला म्हणतात काम. येतो मी. पोरी, तोंड पाडू नकोस. माणसाकडून होतं कधीकधी.

मुलगी: सांभाळून न्या, काका. उताराला धरून ठेवा.

मिस्त्री: गेला?

मुलगी: गेले.

मिस्त्री: चहा दिलास का त्याला?

मुलगी: दिला, बाबा.

मिस्त्री: हं. चिठ्ठी बघू.

मुलगी: कुठली?

मिस्त्री: खिशातली. मी आतून येत होतो तेव्हा तू खिशात घातलीस. डोळे अजून शाबूत आहेत माझे.

मुलगी: फाटलीय ती. तेलानं भिजलीय.

मिस्त्री: दे म्हणतो ना.

मुलगी: बाबा, कशाला? झालं ते झालं.

मिस्त्री: दे. चष्मा कुठाय... हा. तेल काढलं. तेल भरलं. प्लग साफ. पातं धारेला. तेल काढलं. आणि पुढे?

मुलगी: पुढे काही नाही.

मिस्त्री: दोनदा काढलं. एकदाच भरलं.

मुलगी: हो. गडबडीत झालं माझ्याकडून.

मिस्त्री: अक्षर माझं आहे.

मुलगी: माझंही तसंच येतं. तुम्हीच तर पाटीवर हात धरून गिरवून घेतलंय. शाळेत बाई म्हणायच्या, वडिलांनी लिहून दिलंय का?

मिस्त्री: परवा सोमवारी तू होतीस दुकानात?

मुलगी: होते.

मिस्त्री: तू प्लग आणायला गेली होतीस. जाताना म्हणालीस, बाबा, मी तासाभरात येते, धार लावत बसा, दुसरं काही करू नका. एवढं मला आठवतंय. ते कसं आठवतं बघ.

मुलगी: आल्यावर केलं मी. मग परत बाहेर गेले.

मिस्त्री: आल्यावर.

मुलगी: हो.

मिस्त्री: तुझ्या दादाचा फोन आला होता मागे. पेट्रोलचा डबा शेगडीजवळ उघडा राहिला होता ना, त्यानंतर. तू मागच्या दाराशी फोन स्पीकरवर ठेवून बोलत होतीस. मी ऐकलं सगळं. तो म्हणत होता, आणखी एक चूक झाली की बाबांना घरी बसव. आणि तू हो म्हणालीस.

मुलगी: त्याला गप्प करायला म्हटलं मी.

मिस्त्री: घरी काय करू मी? भिंतीवरचं घड्याळ बघत बसू? इथे हातात पाना आला की मला सगळं कळतं. घरी मला चहाचा डबा सापडत नाही. माझ्याच घरात उभा राहतो आणि भीती वाटते गं. फार भीती वाटते.

मुलगी: कोणी बसवत नाही तुम्हाला घरी.

मिस्त्री: खरं सांग मग. माझ्या डोळ्यांकडे बघून सांग. हे मी केलं का?

मुलगी: नाही, बाबा.

मिस्त्री: शपथ?

मुलगी: मी केलं. मी विसरले. तुमच्या हातून असं होईल का कधी?

मिस्त्री: नाही. नाहीच होणार. पन्नास वर्षांत एक इंजिन कोरडं गेलं नाही माझ्या हातून. मला वाटलंच. उगाच घाबरलो मी. बस जरा माझ्याजवळ.

मुलगी: बसले.

मिस्त्री: मघाशी त्याच्यादेखत बोललो तुला. राग आला?

मुलगी: नाही.

मिस्त्री: बोलावं लागतं. उद्या मी नसेन, तेव्हा हे दुकान तुझ्याच नावावर चालायचंय. लोक म्हणतील, मिस्त्रीची पोर विसराळू आहे. ते मला नाही चालणार. विसरणं म्हणजे काय सांगू? त्या वेळी वाटतच नाही आपण विसरलोय. सगळं केलंय असंच वाटतं. अगदी नक्की वाटतं. म्हणून तर चिंधी लागते. डोक्यावर भरवसा नको, मुठीवर नजर पाहिजे.

मुलगी: हो.

मिस्त्री: चिंधी कुठाय ती?

मुलगी: असेल इथेच कुठेतरी. तुमच्या... तुमच्या शर्टाच्या खिशात बघा.

मिस्त्री: आहे की. माझ्या खिशात कशी आली?

मुलगी: मीच ठेवली.

मिस्त्री: हात पुढे कर. डावा. डाव्या हातानं मशीन दाबून धरतेस ना, म्हणजे उजव्यानं दोरी ओढायच्या आधी ही दिसेल. असं. एक गाठ, वर दुसरी. दिसली की स्वतःला विचारायचं, तेल भरलंय का? सुटत नाही ना?

मुलगी: घट्ट आहे.

मिस्त्री: आता नाही विसरणार तू.

मुलगी: नाही विसरणार, बाबा. पण एक ऐकाल माझं? यापुढे तेलाचं काम आपण दोघं मिळून करू. एकट्यानं कोणीच नाही. मी बाहेर गेले तर मी येईपर्यंत थांबायचं.

मिस्त्री: तुझ्यावर लक्ष ठेवायला ना? ठेवतो की.

मुलगी: हो. माझ्यावर लक्ष ठेवायला.

मिस्त्री: आणि दादाला कळवू नकोस हे. उगाच तुला बोलेल तो.

मुलगी: नाही कळवत.

मिस्त्री: चल, ते इंजिन उघडू या. मी बोल्ट सैल करतो, तू ओळीनं मांडत जा. ज्या क्रमानं निघाले त्याच क्रमानं.

(थोड्या वेळाने. टेबलावर बोल्ट ओळीत मांडलेले.)

मिस्त्री: सहा. सगळे आले. आता वरचं झाकण उचल. अलगद. आत बघ. ओरखडेच ओरखडे. अरेरे. हे कोणाचं गं?

मुलगी: मैदानवाल्या काकांचं.

मिस्त्री: तेल नव्हतं यात. कोणी पळवलं असं? आला की चांगला झापतो त्याला. आलाच नाही बऱ्याच दिवसांत.

मुलगी: येतील शनिवारनंतर.

मिस्त्री: आला की चहा सांग त्याला. तो पाना दे. अगं, हे काय? हाताला चिंधी कसली बांधलीस? लागलं का तुला?

मुलगी: हो बाबा. थोडंसं.

मिस्त्री: बघू. सोड ती, मला बघू दे.

मुलगी: नको. राहू दे बांधलेली.